तीन दिवसांचा हक्क : मुसाफिर, यजमान आणि दोघांच्या मर्यादा

दिव्य कुरआनाने प्रवाशासाठी ‘इब्नुस्सबील’ हा शब्द योजिला आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाटेचा पुत्र’ असा होतो. ज्याचे घर मागे राहिले, ज्याचे आप्तेष्ट जवळ नाहीत, ज्याला या घडीला वाटेखेरीज कोणी नाही, तो वाटेचा पुत्र. हा शब्द कुरआनात आठ ठिकाणी आला आहे. बहुतेक ठिकाणी तो नातेवाईक, अनाथ आणि गरजू यांच्या सोबतीने येतो. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२६) आणि सूरह रूममध्ये (३०:३८) नातेवाईक, गरजू आणि प्रवासी यांना त्यांचा ‘हक्क’ देण्याची आज्ञा आहे. सूरह तौबामध्ये (९:६०) जकातीच्या खर्चाच्या ज्या आठ बाबी ठरवून दिल्या आहेत, त्यांतही वाटेचा पुत्र आहे. एखादा मनुष्य आपल्या गावी सधन असेल, परंतु वाटेत निराधार झाला असेल, तर तोही या बाबीत येतो, असे धर्मशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले आहे.

येथे ‘हक्क’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. उपकार करणारा उंच बसतो आणि घेणारा खाली पाहतो. हक्क चुकता करणारा मात्र जे दुसऱ्याचे आहे तेच त्याच्या हाती देत असतो. म्हणून इस्लाममध्ये मुसाफिराला आसरा देणे ही मोठ्या मनाच्या मोजक्या माणसांची हौस राहिली नाही. ते श्रद्धावंताच्या कर्तव्यांपैकी एक झाले.

वाचकहो, आज हा विषय जुना झाला असे पुष्कळांना वाटते. प्रत्येक शहरात लॉज आहेत, मोबाईलवर खोली मिळते, मग अनोळखी माणसाला घरात कशाला घ्यावे? परंतु क्षणभर विचार करा. स्पर्धा परीक्षेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी आलेला विद्यार्थी, मुंबई, पुणे किंवा मिरजेला उपचारासाठी आणलेल्या रुग्णाचे नातेवाईक, नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेला तरुण, हे सर्व वाटेचे पुत्रच आहेत. शिवाय अलीकडे एक नवी पद्धत रूढ झाली आहे. निरनिराळ्या देशांतील लोक इंटरनेटवरून ओळख करून घेतात आणि अनोळखी प्रवाशांना आपल्या घरी विनामूल्य ठेवून घेतात. आपले तरुणही अशा प्रवासाला निघू लागले आहेत. कोणाच्या घरी फुकट राहणे योग्य आहे काय, किती दिवस राहावे, आपण कोणाला ठेवून घ्यावे, असे प्रश्न घराघरांत विचारले जात आहेत. या प्रश्नांची उत्तरे कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

हजरत इब्राहीम (अ.) यांचा उंबरठा

सूरह जारियातमध्ये (५१:२४-२७) हजरत इब्राहीम (अ.) यांच्या पाहुण्यांचा प्रसंग आला आहे. पाहुणे आले, त्यांनी सलाम केला, इब्राहीम (अ.) यांनी सलामाचे उत्तर दिले. हे लोक अपरिचित आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तरीही त्यांनी नाव, गाव, येण्याचे कारण यांपैकी काही विचारले नाही. ते हळूच घरात गेले आणि धष्टपुष्ट वासराचे मांस घेऊन आले. ते भाजलेले होते, असे सूरह हूदमध्ये (११:६९) सांगितले आहे. त्यांनी ते पाहुण्यांच्या जवळ नेऊन ठेवले आणि खाण्याचा सौम्य आग्रह केला.

या चार छोट्या आयतींतून भाष्यकारांनी आदरातिथ्याचे सगळे शिष्टाचार काढून दाखविले आहेत. यजमान हळूच उठून गेला. म्हणजे पाहुण्याला ‘माझ्यासाठी कशाला त्रास’ असे म्हणण्याचा प्रसंग येऊ दिला नाही. जेवणार काय, असे विचारून त्याला संकोचात टाकले नाही. अन्न दूर मांडून पाहुण्याला उठवले नाही. ते त्याच्यापाशी आणले. स्वतः आणले. घरात जे उत्तम होते ते आणले आणि लगेच आणले. हे पाहुणे वस्तुतः देवदूत होते, त्यांना अन्नाची गरजच नव्हती. इब्राहीम (अ.) यांना मात्र ते ठाऊक नव्हते. त्यांनी देवदूतांचा सत्कार केला नाही, अनोळखी वाटसरूंचा केला.

सूरह दहरमध्ये (७६:८-९) सदाचारी लोकांचे वर्णन येते. ते गरजू, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालतात. त्याबदल्यात मोबदल्याची अपेक्षा ठेवत नाहीत आणि आभाराचीही ठेवत नाहीत. मोबदला सोडणे एक वेळ सोपे आहे, आभाराची अपेक्षा सोडणे कठीण. आपल्या घरून गेलेल्या पाहुण्याने पुन्हा विचारपूससुद्धा केली नाही, ही तक्रार आपण सारेच करतो. ही आयत त्या तक्रारीचे मूळच उपटून टाकते.

दार न उघडणारे गाव

सूरह कहफमध्ये (१८:७७-८२) याच्या उलट चित्र आहे. हजरत मूसा (अ.) आणि अल्लाहचे एक ज्ञानी दास, ज्यांना हदीसमध्ये खिज्र (अ.) म्हटले आहे, प्रवास करीत एका वस्तीत पोहोचले. त्यांनी तेथील लोकांकडे अन्न मागितले. लोकांनी त्यांचा पाहुणचार करण्यास नकार दिला. त्याच वस्तीत एक भिंत कोसळण्याच्या बेतात होती. खिज्र (अ.) यांनी ती उभी केली. मूसा (अ.) यांना आश्चर्य वाटले, ज्यांनी तुकडाभर भाकरी दिली नाही त्यांच्याकडून निदान मजुरी तरी घेता आली असती, असे त्यांनी सुचविले. पुढे उलगडा होतो की, ती भिंत त्या शहरातील दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांचा ठेवा पुरलेला होता आणि त्यांचा पिता सदाचारी मनुष्य होता. मुले मोठी होईपर्यंत ठेवा सुरक्षित राहावा, ही अल्लाहची इच्छा होती.

या प्रसंगातून दोघांसाठी बोध आहे. यजमानांसाठी हा की, जे हात त्यांच्या अनाथांचे धन राखणार होते तेच त्यांनी दारातून परत पाठविले. कोणत्या वाटसरूबरोबर अल्लाह कोणती बरकत पाठवितो हे दार लावणाऱ्याला कळत नाही. आणि प्रवाशासाठी हा की, नकार मिळाल्यावर तो त्या गावाला शिव्याशाप देत निघाला नाही. जाताना एक भिंत उभारून गेला. कुरआनाने त्या वस्तीचे नाव सांगितलेले नाही. नाव सांगितले असते तर आपण ते दुसऱ्याचे गाव समजून निश्चिंत झालो असतो.

एक दिवस, तीन दिवस आणि त्यानंतर

आता या विषयातील मूळ हदीसकडे वळू. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू शुरैह (र.) यांच्या कथनाने ती आली आहे. तिचा आशय असा : जो अल्लाहवर आणि अंतिम दिवसावर ईमान बाळगतो, त्याने आपल्या पाहुण्याचा सन्मान करावा. विशेष सरबराई एक दिवस आणि एक रात्र; पाहुणचार तीन दिवस; त्यापुढे जे होईल ते सदका होय. आणि यजमान अडचणीत येईल इतका काळ त्याच्याकडे मुक्काम करणे पाहुण्याला वैध नाही. सहीह मुस्लिममधील एका कथनात ‘त्याला पापात लोटेल इतका काळ’ अशा आशयाचे शब्द आहेत. सहाबांनी विचारले, पाहुणा यजमानाला पापात कसा लोटेल? प्रेषितांनी (स.) खुलासा केला की, पाहुणा राहून राहतो आणि यजमानाकडे त्याला खाऊ घालण्यास काहीही उरत नाही.

या एका हदीसमध्ये केवढे शहाणपण साठविले आहे ते पाहा. तिचा आरंभ ईमानाने होतो. पाहुण्याचा सन्मान अल्लाह आणि अंतिम दिवस यांच्याशी जोडला आहे, कारण अनोळखी मुसाफिर उद्या परतफेड करील ही शक्यताच नसते. त्याचा हिशेब आखिरतमध्येच होणार. नंतर तीन टप्पे येतात. पहिल्या दिवशी यजमानाने ऐपतीनुसार काही खास करावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरात जे शिजते तेच पाहुण्याच्या ताटात वाढावे. वेगळे काही करण्याचे बंधन नाही. तीन दिवस सरले की पाहुण्याचा हक्क संपतो. पुढचा प्रत्येक घास यजमानाच्या मर्जीचा, म्हणजे सदका आहे. स्वाभिमानी माणसाला हा शब्दच पुरेसा असावा.

आणि शेवटी, ज्या हदीसची सुरुवात यजमानाला आज्ञा देऊन झाली, तिचा शेवट पाहुण्याला ताकीद देऊन होतो. घरात काही नसताना पाहुणा हलत नसेल तर माणूस काय करतो? कर्ज काढतो, खोटे बोलतो, पाठीमागे पाहुण्याची निंदा करतो, पत्नीवर आणि मुलांवर चिडतो. ही सगळी पापे यजमानाच्या खात्यात जमा होतात आणि त्यांना कारण पाहुणा ठरतो. म्हणजे अतिरेकी मुक्काम हा शिष्टाचाराचा किरकोळ भंग राहत नाही. आपल्या भावाच्या आखिरतची ती हानी आहे.

पाहुणचार अनिवार्य आहे की शिफारस केलेला, याविषयी इमामांत मतभेद आहेत. इमाम अहमद आणि इमाम लैस यांच्या मते एक दिवस-रात्रीचा पाहुणचार अनिवार्य आहे. बहुसंख्य विद्वान त्याला आग्रहपूर्वक सांगितलेली सुन्नत मानतात. वाळवंटात आणि खेड्यांत, जेथे उतरण्याची दुसरी जागा नसते, तेथील रहिवाशांवर हे कर्तव्य येते. शहरात प्रवाशाला बाजार आणि उतारशाळा मिळतात, असे मत इमाम मालिक यांच्याकडून नोंदले गेले आहे. या मतभेदांमागील सूत्र सरळ आहे : जेथे प्रवाशाला दुसरा आधार नाही, तेथे आपली जबाबदारी वाढते. भरल्या शहरातही ज्याच्या खिशात लॉजचे भाडे नाही, त्याच्यासाठी ते शहर वाळवंटच होय.

पाहुण्याने काय पाळावे

सूरह नूरमध्ये (२४:२७-२८) आज्ञा आहे की, दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याखेरीज आणि सलाम केल्याखेरीज प्रवेश करू नये, आणि परत जाण्यास सांगितले तर परत जावे. तेच अधिक शुद्ध आहे. नकार ऐकून न रागावणे हीसुद्धा इबादत आहे, हे आपण विसरतो. दारातल्या माणसाची काय अडचण आहे ती त्याची त्याला ठाऊक.

सूरह अहजाबची ५३ वी आयत तर पाहुण्यांसाठीचा संपूर्ण धडा आहे. हजरत जैनब (र.) यांच्या विवाहाच्या मेजवानीनंतर काही लोक प्रेषितांच्या (स.) घरी गप्पा मारीत बसून राहिले. प्रेषितांना (स.) त्रास होत होता, पण संकोचामुळे ते उठा म्हणू शकत नव्हते. तेव्हा अल्लाहने आयत अवतरित करून शिकविले की, अन्न शिजण्याची वाट पाहत आधीच येऊन बसू नये, बोलावल्यावर यावे आणि जेवण झाल्यावर गप्पांत न रमता निघावे. जे बोलण्यास खुद्द प्रेषितांनाही (स.) संकोच वाटला, ते आपला सामान्य यजमान आपल्याला कसे सांगेल? त्याच्या तोंडावरचे हसू परवानगी समजू नये. त्याची अडचण पाहुण्याने स्वतः ओळखली पाहिजे.

सहीह मुस्लिममध्ये प्रेषितांची (स.) आणखी एक शिकवण आहे. कोणी दुसऱ्याच्या अधिकारक्षेत्रात त्याच्या परवानगीविना इमामत करू नये आणि त्याच्या घरातील त्याच्या खास बैठकीवर परवानगीविना बसू नये. पाहुणा विद्येने, वयाने, पदाने कितीही मोठा असो, घर यजमानाचे आहे.

हजरत सलमान फारसी (र.) यांची एक कथा हदीसच्या ग्रंथांत आली आहे. त्यांच्याकडे पाहुणे आले तेव्हा त्यांनी भाकरी आणि मीठ समोर ठेवले. आवाक्याबाहेरचा खटाटोप करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, नाहीतर आपण तो केला असता, असेही त्यांनी सांगितले. एका पाहुण्याच्या तोंडून निघून गेले की, मिठासोबत थोडा पुदिन्यासारखा सुगंधी पाला असता तर बरे झाले असते. सलमान (र.) यांनी आपले पाण्याचे भांडे गहाण टाकून तो पाला आणविला. जेवण झाल्यावर तो पाहुणा अल्लाहचे आभार मानू लागला, की त्याने आम्हाला मिळालेल्या अन्नात समाधान दिले. सलमान (र.) यांनी उत्तर दिले की, तुला समाधान असते तर माझे भांडे गहाण पडले नसते. पाहुण्याची सहज बोललेली इच्छा यजमानाला केवढ्याला पडते, ते या एका भांड्यावरून समजावे.

यजमानाने काय पाळावे

एक भुकेला मनुष्य प्रेषितांच्या (स.) सेवेत आला. प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींकडे निरोप पाठविला, पाण्याखेरीज कोणाच्याही घरी काही नव्हते. तेव्हा एका अन्सारी सहाबींनी त्याला घरी नेले. घरात केवळ मुलांपुरते अन्न होते. पती-पत्नीने मुलांना झोपविले, दिवा नीट करण्याच्या निमित्ताने तो विझविला आणि अंधारात आपणही जेवत आहोत असे भासवून पाहुण्याला पोटभर जेवू दिले. स्वतः मात्र ती रात्र उपाशी काढली. सूरह हश्रची नववी आयत, जिच्यात स्वतः गरजू असूनही इतरांना प्राधान्य देणाऱ्यांची प्रशंसा आहे, या प्रसंगाशी जोडलेली असल्याचे बुखारी आणि मुस्लिममध्ये नमूद आहे.

या प्रसंगातील त्या मातेकडे आपले लक्ष जावे. पाहुण्याला घेऊन येणारा पुरुष होता; परंतु मुलांना झोपवणे, अन्न वाढणे आणि दिवा विझवणे हे तिच्या हातून झाले. तिच्या राजीखुशीविना ती रात्र घडलीच नसती. आपल्या समाजात पाहुणचाराची कीर्ती पुरुषाला मिळते आणि चुलीपुढचा घाम स्त्रीचा असतो. घरच्या स्त्रीला न विचारता पाहुण्यांना घेऊन येणे, ती आजारी किंवा थकलेली असताना चार पदार्थांचा हुकूम सोडणे, हे इब्राहीमी आतिथ्य नव्हे. घरातील पाहुण्याचा हक्क जसा आहे तसा पत्नीचाही आहे. प्रेषितांनी (स.) रात्रंदिवस इबादत करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना देहाचा, पत्नीचा आणि भेटीस येणाऱ्याचा असे सारे हक्क एकत्रच सांगितले आहेत. ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला द्यावयाचा आहे, एकाचा काढून दुसऱ्याला नव्हे.

पाहुणा मुस्लिमच असावा, अशी अट नाही. सहीह मुस्लिममध्ये आहे की, इस्लाम न स्वीकारलेला एक मनुष्य प्रेषितांकडे (स.) पाहुणा आला. त्याच्यासाठी बकरीचे दूध काढविले. तो ते प्याला. मग दुसरीचे, तिसरीचे, असे करीत सात बकऱ्यांचे दूध तो प्याला. त्याला कोणी अडविले नाही की टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इस्लाम स्वीकारला. आपल्या शेजारी, आपल्या गावात येणाऱ्या हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध प्रवाशाशी आपले वर्तन कसे असावे, हे यावरून ठरते.

आणि आतिथ्य म्हणजे थाटमाट नव्हे. एक अंथरूण पुरुषाचे, एक त्याच्या पत्नीचे, तिसरे पाहुण्याचे आणि चौथे सैतानाचे, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. साध्यातल्या साध्या घराच्या हिशेबातही पाहुण्याचे अंथरूण धरलेले आहे. गरजेपलीकडचा बडेजाव मात्र नाकारला आहे.

अनोळखी देशांतील दारे

ही शिकवण पुस्तकात राहिली नाही, याची साक्ष प्रवासी इब्ने बतूता याने दिली आहे. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो मोरोक्कोतील तंजा शहरातून हजसाठी निघाला आणि सुमारे तीन दशके फिरत राहिला. आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारपर्यंतही तो येऊन गेला. परंतु पाहुणचाराचे त्याचे सर्वांत हृद्य वर्णन अनातोलियाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचे आहे. तेथे ‘अखी’ नावाचे तरुण कारागिरांचे संघ होते. ते दिवसभर आपापला धंदा करीत, अस्रच्या नमाजनंतर दिवसाची कमाई आपल्या प्रमुखाकडे आणून देत आणि तिच्यातून अन्न, फळे वगैरे खरेदी करीत. त्या दिवशी गावात मुसाफिर आला असेल तर तो त्यांचा पाहुणा. कोणी आला नसेल तर सगळे मिळून जेवत.

अंतालिया शहरात जुन्या कपड्यांतील एका माणसाने इब्ने बतूताला सोबत्यांसह जेवणाचे निमंत्रण दिले. हा गरीब मनुष्य इतक्यांचा भार कसा सोसणार, म्हणून तो संकोचला. तेव्हा दुभाष्याने हसून सांगितले की, हा चामड्याचे काम करणारा असून अखींचा प्रमुख आहे आणि सुमारे दोनशे कारागीर त्याच्यासोबत आहेत. पुढे लाजिक नावाच्या शहरात तर बाजारातून जाताना दोन गट त्यांच्या घोड्यांचे लगाम धरून आपसांत भांडू लागले; काहींनी सुरेही उपसले. पाहुण्यांना ते दरोडेखोर वाटले. नंतर कळले की, पाहुणे कोणाकडे उतरणार, यावरून हा तंटा होता! शेवटी चिठ्ठ्या टाकून निर्णय झाला.

या कारागिरांकडे वाडे नव्हते. एकट्याच्या कमाईत जे जमले नसते ते त्यांनी मिळून जमविले. आपल्या देशातही हीच परंपरा निरनिराळ्या रूपांत दिसते. शेरशाह सूरीने (कारकीर्द १५४० ते १५४५) हमरस्त्यांवर सराया बांधल्या आणि त्यांत हिंदू आणि मुस्लिम प्रवाशांची स्वतंत्र सोय ठेवली. मुंबईहून हजची जहाजे १९९५ पर्यंत सुटत. गावोगावच्या यात्रेकरूंना त्या शहरात आसरा मिळावा म्हणून दानशूरांनी मुसाफिरखाने उभारले.

आज आपल्या घरात

आता मूळ प्रश्नांकडे येऊ. प्रवासात कोणी आपल्या घरी विनामूल्य ठेवून घेत असेल तर राहणे वैध आहे, त्यात कमीपणा नाही. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आगाऊ कळवावे, येण्याचा आणि जाण्याचा दिवस सांगावा आणि तीन दिवसांची मर्यादा आपणहून पाळावी. यजमानाने मनापासून थांबवले तरच अधिक राहावे.

२. यजमानाचे घर ही अमानत आहे. तेथे जे पाहिले-ऐकले ते बाहेर सांगू नये. घरातील छायाचित्रे परवानगीविना काढू नयेत आणि कोणाला पाठवू नयेत.

३. पैसे वाचले एवढाच हिशेब ठेवू नये. कामात हातभार लावावा, आपली जागा स्वच्छ करून निघावे आणि यजमानासाठी दुआ करावी. प्रेषितांनी (स.) यजमानांच्या रोजीत बरकत व्हावी, त्यांना क्षमा आणि दया लाभावी अशी दुआ केल्याचे हदीसमध्ये आहे. प्रवाशाची दुआ कबूल होते, असेही हदीसमध्ये आले आहे. त्याच्यापाशी देण्यासारखे याहून मोठे काय असेल?

४. पडद्याच्या आणि महरमच्या मर्यादा पाहुणचारासाठी शिथिल होत नाहीत. परक्या स्त्री-पुरुषाने एकांतात राहावे लागेल अशा ठिकाणी मुक्काम करू नये आणि तसा पाहुणा ठेवूही नये. पुरुष घरी नसताना परक्या पुरुषाला आत घेण्याचे दडपण स्त्रीवर कोणी आणू नये.

५. सावधगिरी ही आतिथ्याच्या विरोधात नाही. अनोळखी माणसाचे ओळखपत्र पाहणे, एखाद्या विश्वासू माणसाकडून खात्री करून घेणे योग्यच आहे. पाहुणा परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती कायद्यानुसार चोवीस तासांच्या आत विहित नमुन्यात संबंधित कार्यालयाला कळवावी लागते. ती टाळू नये.

एक प्रश्न याहून अवघड आहे. कर्करोगाच्या रुग्णासोबत आलेल्या कुटुंबाला तीन दिवस पुरत नाहीत. त्यांना तीन महिनेही लागू शकतात. आणि यजमानाचे घर दोन खोल्यांचे असते. अशा वेळी एक तर रुग्णाचे आप्त रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर झोपतात, किंवा एखादे भले कुटुंब त्यांना ठेवून घेते आणि हळूहळू पिचून जाते. ज्या अडचणीपासून हदीसने यजमानाला वाचविले होते तीच त्याच्या वाट्याला येते.

याचेही उत्तर प्रेषितांच्या (स.) मदीनेत सापडते. मस्जिदे नबवीच्या चबुतऱ्यावर ‘अस्हाबे सुफ्फा’ राहत. ते निर्धन होते, त्यांना घर नव्हते. प्रेषितांनी (स.) त्यांचा भार कोणा एकावर टाकला नाही. ज्याच्याकडे दोघांचे अन्न असेल त्याने तिसऱ्याला न्यावे, ज्याच्याकडे चौघांचे असेल त्याने पाचव्याला किंवा सहाव्याला न्यावे, अशी वाटणी त्यांनी केली. हजरत अबू बक्र (र.) तिघांना घेऊन गेले, असे बुखारीत आहे. म्हणजे जेथे एका घराचे तीन दिवस संपतात, तेथे दुसऱ्या घराचे तीन दिवस सुरू झाले पाहिजेत. मोहल्ल्यातील दहा घरांनी पाळीपाळीने डबा दिला, चार घरांनी मिळून एका खोलीचे भाडे भरले, मस्जिदीच्या समितीने गरजू प्रवाशांच्या उतरण्याची व्यवस्था लावली, तर कोणाचेच भांडे गहाण पडणार नाही. अशा प्रवाशाला जकातीतून साहाय्य कसे करावे, हे स्थानिक विद्वानांना विचारून ठरवावे. कुरआनाने त्याचे नाव त्या यादीत आधीच लिहून ठेवले आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणीही वाटेचा पुत्र होऊ शकतो. एक अपघात, एक आजारपण, एक चुकलेली गाडी त्यासाठी पुरेशी असते. त्या रात्री आपण कोणाचे दार ठोठावणार? आणि त्याआधी, आपले दार कोणी ठोठावले तेव्हा आत काय घडले होते? रात्री सर्व कुटुंबाने एकत्र बसून एवढेच ठरवावे : आपल्या घरातले तिसरे अंथरूण कोठे आहे, आणि आपल्या मोहल्ल्यात मुसाफिराचे तीन दिवस संपल्यावर पुढचे दार कोणाचे?

अल्लाह आपल्या घरांना इब्राहीम (अ.) यांच्या उंबरठ्याची बरकत देवो, आपल्याला पाहुण्याचा हक्क ओळखणारे यजमान आणि यजमानाची अडचण ओळखणारे पाहुणे बनवो. आमीन.